गाता गळा, शिंपता मळा

दिल्लीत संगीताचा हंगाम थंडीच्या पावलांनी येतो. दसरा-दिवाळी उलटली, की मंडी हाऊसच्या परिसरातील सभागृहांच्या फलकांवर गायन-वादनाच्या कार्यक्रमांची नावे झळकू लागतात आणि रसिक शाली पांघरून मैफलींना हजेरी लावू लागतात. दुर्दैव असे, की नेमक्या याच दिवसांत राजधानीच्या आकाशावर धुरक्याची चादर पसरते. वारा पडतो, थंड हवेचा थर जमिनीलगत अडकून राहतो आणि वाहनांचा धूर, बांधकामांची धूळ व शेतांत जाळलेल्या पराळीचा धूर त्यातच कोंडला जातो. हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक ५० पर्यंत असेल तर हवा चांगली समजतात. दिल्लीत हिवाळ्यातील कित्येक दिवशी तो ४०० च्या पुढे, म्हणजे ‘गंभीर’ या वर्गात जातो. गाण्याचा ऋतू आणि गळ्याचा वैरी असे हातात हात घालून येतात.

अशा दिवसांतील एखादी संगीतशिक्षिका डोळ्यांसमोर आणावी. राहणे गाझियाबादजवळच्या वैशालीत, नोकरी पहाडगंजाच्या बाजूच्या शाळेत. सकाळी मेट्रोच्या गर्दीतून शाळा गाठायची, चाळीस-चाळीस मुलांच्या वर्गांना प्रार्थना आणि समूहगीते शिकवायची, सायंकाळी घरी चार विद्यार्थिनींची शिकवणी घ्यायची आणि उरलेल्या वेळात स्वतःचा रियाज करायचा. शनिवारी महाराष्ट्र मंडळींच्या कार्यक्रमात तिचे नाट्यगीतांचे गायन ठरलेले आहे आणि बुधवारी सकाळी उठताच तिच्या लक्षात येते, की आवाज बसला आहे. आता काय करावे? गरम पाणी पिऊन, ज्येष्ठमधाची काडी चघळून वेळ मारून न्यावी, की कार्यक्रम रद्द करावा? दिल्लीत दर हिवाळ्यात गाणाऱ्या अनेकांसमोर हा प्रश्न उभा राहतो. त्याचे उत्तर शोधायचे, तर आधी गळ्याच्या आत काय घडते ते समजून घेतले पाहिजे.

आरशात दिसलेला आवाज

गाणाऱ्याचे वाद्य त्याला कधी दिसत नाही. सतारियाला तार दिसते, तबलजीला शाई दिसते. गायकाला मात्र आपल्या वाद्याची ओळख केवळ कानाने आणि अंतर्गत संवेदनेने होते. ही अडचण प्रथम दूर केली ती एका गानशिक्षकानेच. मॅन्युएल गार्सिया हे मूळचे स्पॅनिश. त्यांनी १८५४ साली दंतवैद्याचा छोटा आरसा आपल्याच घशात धरला, दुसऱ्या आरशाने त्यावर सूर्यप्रकाश पाडला आणि गाताना स्वतःचे स्वरतंतू पाहिले. पुढच्याच वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे त्यांची निरीक्षणे मांडली गेली. आजही कान-नाक-घसातज्ज्ञ ज्या पद्धतीने घसा तपासतात, तिचा उगम गाण्याच्या शिकवणीत आहे, ही बाब मोठी मनोज्ञ आहे. गार्सियांना १०१ वर्षांचे आयुष्य लाभले.

आपल्याकडे आवाजाचा विचार याहून कितीतरी जुना आहे. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवांनी ‘संगीतरत्नाकर’ या ग्रंथात नादाच्या उत्पत्तीचे वर्णन केले आहे. बोलण्याची इच्छा मनाला जागे करते, मन देहातील अग्नीला चेतवते, अग्नी वायूला प्रेरणा देतो आणि तो वायू वर चढत हृदय, कंठ व मस्तक या स्थानी अनुक्रमे मंद्र, मध्य आणि तार नाद निर्माण करतो, असा त्यांचा क्रम आहे. परिभाषा वेगळी असली, तरी इच्छा, शक्ती, श्वास आणि अनुनाद हे टप्पे त्यात स्पष्ट दिसतात. अभ्यासाशिवायही राग व्यक्त करण्याचे सामर्थ्य ज्या आवाजात देहाबरोबरच येते, त्याला त्यांनी ‘शारीर’ असे नाव दिले. इतकेच नव्हे, तर गायकाचे पंचवीस दोषही सांगितले. दात आवळून गाणारा, भीत भीत गाणारा, तोंड वेडेवाकडे पसरून गाणारा, कावळ्यासारख्या कर्कश आवाजाचा, नाकातून गाणारा आणि गाताना गळ्याच्या व कपाळाच्या शिरा फुगवणारा, अशी ही यादी वाचताना आजच्या ध्वनिचिकित्सकाच्या टिपणवहीची आठवण व्हावी. शिरा फुगणे, जबडा आवळणे ही गळ्यावर अनाठायी ताण पडत असल्याचीच चिन्हे होत.

भाता, तंतू आणि घुमारा

आवाजाच्या निर्मितीत तीन यंत्रणा एकत्र काम करतात. पहिली श्वासाची. फुफ्फुसे म्हणजे पेटीचा भाता. त्यांच्या तळाशी असलेले श्वासपटल खाली सरकले, की हवा आत येते. गाताना ही हवा एकदम न सोडता पुरवून पुरवून सोडावी लागते. पोटाचे आणि बरगड्यांमधील स्नायू हे नियंत्रण करतात. लांब आलाप हा नुसत्या साठ्याचा प्रश्न नसून काटकसरीने केलेल्या खर्चाचा असतो.

दुसरी यंत्रणा स्वरयंत्राची. श्वासनलिकेच्या वरच्या टोकाला कूर्चांच्या पेटीत दोन स्वरतंतू आडवे असतात. ‘तंतू’ हे नाव थोडे फसवे आहे. त्या तारा नसून आत स्नायू आणि वरून अत्यंत मऊ, ओलसर अस्तर असलेल्या घड्या आहेत. प्रौढ पुरुषात त्यांची लांबी साधारण १७ ते २१ मिलिमीटर, तर स्त्रियांत ११ ते १५ मिलिमीटर असते. म्हणजे बोटाच्या एका पेरात मावेल एवढे हे वाद्य! श्वास घेताना हे तंतू एकमेकांपासून दूर असतात. आवाज काढताना ते जवळ येतात, खालून आलेल्या हवेचा दाब त्यांना उघडतो आणि त्यांची लवचीकता व वाहत्या हवेमुळे कमी झालेला दाब त्यांना पुन्हा मिटवतो. ही उघडझाप मेंदूच्या एकेका आज्ञेने होत नाही, तर हवेच्या आणि पेशींच्या गुणधर्माने आपोआप होते, हे वान डेन बर्ग या डच शास्त्रज्ञाने १९५८ साली विस्ताराने मांडले.

या उघडझापेचा वेग थक्क करणारा आहे. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा मध्य षड्ज लागतो तेव्हा स्वरतंतू सेकंदाला सुमारे १३९ वेळा एकमेकांवर आदळतात. काळी चारमध्ये गाणाऱ्या स्त्रीच्या षड्जाला हा आकडा सुमारे २०८ होतो आणि तार षड्जाला त्याच्या दुप्पट. तासाभराच्या रियाजात विश्रांतीचे आणि ऐकण्याचे क्षण वगळून अर्धा तास जरी प्रत्यक्ष आवाज लागला, तरी केवळ मध्य षड्जाच्या हिशेबाने हे तंतू पावणेचार लाख वेळा एकमेकांना भिडलेले असतात. हातावर हात इतक्या वेळा आपटला तर कातडी सोलून निघेल. गळ्याचे तसे होत नाही, याचे श्रेय त्या ओलसर अस्तराला. ते पातळ, निसरडे आणि लवचीक राहिले, की त्याच्यावरून लाट सहज धावते आणि आवाज मोकळा लागतो. ते कोरडे पडले वा सुजले, की तोच स्वर लावण्यासाठी हवेचा अधिक दाब लागतो. म्हणजे अधिक जोर, अधिक घर्षण आणि परिणामी अधिक सूज. आवाज बिघडण्याच्या बहुतेक कहाण्यांमागे हेच दुष्टचक्र असते.

तिसरी यंत्रणा अनुनादाची. स्वरतंतूंतून निघणारा मूळ ध्वनी एखाद्या गुंजनासारखा असतो. घसा, तोंड आणि नाक यांच्या पोकळ्यांतून जाताना त्याला जात मिळते. जिभेची, जबड्याची, ओठांची आणि टाळूची ठेवण बदलली, की त्याच षड्जाचा आकार, इकार वा उकार होतो. तंबोऱ्याच्या भोपळ्याने तारेला जो घुमारा मिळतो, तोच येथे या पोकळ्यांनी मिळतो. म्हणूनच आवाज मोठा करण्याचा मार्ग नेहमी जोर लावण्याचाच असतो असे नाही. तोंड आणि घसा योग्य रीतीने मोकळे ठेवल्यास कमी श्रमात अधिक भरीव आवाज मिळतो.

दिल्लीतील एक परंपरा

गळ्याच्या या शास्त्राचा आणि दिल्लीचा एक मराठी दुवा आहे. पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालयाची स्थापना केली. त्यांचे शिष्य विनायकराव पटवर्धन यांनी पुण्यात हे कार्य वाढवले आणि विनायकरावांचे शिष्य विनयचंद्र मौद्गल्य यांनी १९३९ साली दिल्लीत गांधर्व महाविद्यालय सुरू केले. दीनदयाळ उपाध्याय मार्गावरील या संस्थेच्या इमारतीतून आजही तंबोऱ्याचे सूर ऐकू येतात. मराठी माणसाने पेरलेले रोप राजधानीत असे रुजले.

विष्णु दिगंबरांचे दुसरे शिष्य म्हणजे मुंबईचे प्रा. बी. आर. देवधर. आवाजसाधना हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे, हे ओळखून पाश्चात्त्य ज्ञानाचा आणि आपल्या तालमीचा मेळ घालणाऱ्या पहिल्या काही भारतीय संगीतशिक्षकांत त्यांची गणना होते. डॉ. अशोक दा. रानडे यांनी पुढे हा विचार मराठी वाचकांपर्यंत आणि रंगभूमीपर्यंत नेला. देवधरांचेच शिष्य कुमार गंधर्व. मौद्गल्यांचे पुत्र मधुप मुद्गल आपल्या वडिलांकडे शिकले, तसेच कुमारांकडेही शिकले. विष्णु दिगंबरांपासून निघालेले दोन प्रवाह असे दिल्लीत पुन्हा एकत्र आले.

कुमार गंधर्वांची कहाणी येथे सांगायलाच हवी. बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावीचा हा मुलगा बालवयातच देशभर गाजला. ऐन तारुण्यात मात्र क्षयाने त्यांना गाठले. हवापालटासाठी ते १९४८ च्या जानेवारीत मध्य भारतातील देवासला आले. गाण्यास पूर्ण मनाई होती. त्या काळी नव्यानेच उपलब्ध झालेल्या स्ट्रेप्टोमायसिनमुळे प्राण वाचले, पण एक फुफ्फुस कायमचे निकामी झाले. पत्नी भानुमतींच्या शुश्रूषेत काढलेल्या त्या वर्षांत त्यांना गाता येत नव्हते, मात्र ऐकता येत होते. खिडकीबाहेरून येणारी माळव्याची लोकगीते त्यांनी मनात साठवली. १९५३ मध्ये ते पुन्हा मैफलीत बसले, तेव्हा गाणे बदललेले होते. दीर्घ दमसासावर अवलंबून न राहता छोट्या, धारदार, नेमक्या स्वरवाक्यांतून ते राग उभा करू लागले. १९९२ साली निधन होईपर्यंत, म्हणजे जवळजवळ चाळीस वर्षे, ते त्याच देहाने गायले.

या कहाणीतून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. एक म्हणजे सक्तीचे मौन हा गाण्याचा अंत नसतो. गळा विश्रांती घेत असताना कान आणि मन काम करू शकतात. दुसरी अशी, की देहाची मर्यादा ओळखून गाणे घडवणे ही माघार नसून कलेचाच एक भाग आहे. भाता अर्धा झाला, तेव्हा त्यांनी तंतूंवर जोर वाढवला नाही, वाक्यरचना बदलली.

बदलत्या वयाचा गळा

गळा आयुष्यभर सारखा राहत नाही. साधारण बारा ते पंधराच्या वयात मुलांचे स्वरयंत्र झपाट्याने वाढते, स्वरतंतू लांब व जाड होतात आणि आवाज जवळजवळ एका सप्तकाने खाली उतरतो. मुलींतही बदल होतो, पण तो दोन-तीन अर्धस्वरांइतकाच असल्याने सहसा ध्यानात येत नाही. या काळात मुलांचा आवाज चिरकतो, फाटतो. तेव्हा त्यांना जुन्याच पट्टीत गायला लावणे हा अन्याय होय. गाणे थांबवण्याचे कारण नाही; परंतु पट्टी उतरवावी, पल्ला आखूड ठेवावा आणि श्रवणावर भर द्यावा. सवाई गंधर्वांचा आवाज वयात आल्यावर जड झाला होता आणि अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तालमीत त्यांनी तो श्रमपूर्वक घडवला. पुढे तेच भीमसेन जोशींचे गुरू झाले, हे सर्वज्ञात आहे.

शाळांतील समूहगानातही ही दक्षता हवी. विजया मुळे यांच्या १९७४ सालच्या ‘एक अनेक और एकता’ या लघुपटातील, विनयचंद्र मौद्गल्यांनी लिहिलेले गीत दूरदर्शनमुळे घराघरांत पोहोचले. त्यातील बालस्वर पुढे साधना सरगम या नावाने प्रसिद्ध झालेल्या गायिकेचा. त्या गाण्याचा गोडवा मुलांच्या सहज आवाजात आहे. समूहात प्रत्येक मूल शेजाऱ्यापेक्षा मोठ्याने गाऊ लागले, की तो गोडवाही जातो आणि गळाही.

स्त्रियांच्या बाबतीत मासिक पाळीपूर्वीच्या दिवसांत स्वरतंतूंना किंचित सूज येऊ शकते आणि रजोनिवृत्तीनंतर आवाज थोडा खाली उतरतो. कंठस्थ ग्रंथीचे कार्य मंदावल्यासही आवाज जड होतो. पट्टी अर्ध्या स्वराने उतरवण्यात कमीपणा मुळीच नाही.

राजधानीच्या हवेत

दिल्लीकर गायकासमोरची संकटे काही प्रमाणात वेगळी आहेत. धुरक्यातील स्थूल कण नाकात आणि घशात अडकून दाह निर्माण करतात. अडीच मायक्रॉनहून सूक्ष्म असलेले कण थेट फुफ्फुसांच्या तळापर्यंत जातात. म्हणजे भाता आणि तंतू या दोहोंवर एकाच वेळी आघात होतो. खोकला येतो आणि खोकताना स्वरतंतू एकमेकांवर सर्वांत जोराने आपटतात. उन्हाळ्यात लू आणि धूळ, तर बंद खोल्यांत वातानुकूलन यंत्रांची कोरडी हवा. थंडीत खोली गरम करणारे हीटरही हवा कोरडी करतात. अशा खोलीत पाण्याचे भांडे ठेवण्याची घराघरांतील रीत म्हणूनच शहाणपणाची आहे.

उपाय साधे आहेत. निर्देशांक फार वर असेल त्या दिवशी पहाटे फिरायला जाणे किंवा उघड्यावर रियाज करणे टाळावे. थंडीत पहाटे आणि रात्री प्रदूषण जमिनीलगत दाटलेले असते. दुपारी ते थोडे विरते. बाहेर पडताना चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-९५ प्रकारचा मुखपट वापरावा. श्वास शक्यतो नाकाने घ्यावा, कारण नाक हवा गाळते, ओली करते आणि उबदारही करते. कोमट पाण्याची वाफ घेतल्यास अस्तराला थेट ओलावा मिळतो.

दुसरे संकट गोंगाटाचे. आजूबाजूला आवाज वाढला, की माणूस नकळत मोठ्याने बोलू लागतो, हे एत्येन लोम्बार्द या फ्रेंच घसातज्ज्ञाने १९११ साली दाखवून दिले. मेट्रोत किंवा लग्नाच्या वरातीत केलेल्या अर्ध्या तासाच्या गप्पा तासाभराच्या रियाजापेक्षा गळ्याला जड जातात. गाणारे लोक गाण्याने जितके थकतात, त्याहून अधिक बोलण्याने थकतात. शिक्षक, वकील, विक्रेते आणि दिवसभर खिडकीवर ग्राहकांशी बोलणारे कर्मचारी या सर्वांना हे लागू आहे.

तिसरे संकट उशिरा जेवण्याचे. मैफल संपते रात्री उशिरा. मग तेलकट, मसालेदार जेवण आणि लगेच झोप. आडवे होताच जठरातील आम्ल अन्ननलिकेतून वर येऊन स्वरयंत्राच्या मागच्या भागाला पोळते. सकाळी घसा खरखरणे, सतत खाकरावेसे वाटणे, घशात काही अडकल्यासारखे वाटणे ही त्याची लक्षणे. छातीत जळजळ असेलच असे नाही. जेवण आणि झोप यांत दोन-तीन तासांचे अंतर ठेवल्यास पुष्कळांना आराम पडतो.

समज आणि गैरसमज

गळ्याविषयी घरोघरी अनेक उपाय सांगितले जातात. त्यांची थोडी पारख करायला हवी. मिठाच्या पाण्याच्या गुळण्यांनी घशाला आराम मिळतो. परंतु ते पाणी स्वरतंतूंपर्यंत पोहोचत नाही. प्यालेले पाणीही त्यांना थेट स्पर्श करीत नाही, कारण गिळताना श्वासमार्ग झाकला जातो. पाणी पचनातून रक्तात जाते आणि मग अस्तर ओले होते. म्हणून कार्यक्रमाच्या पाच मिनिटे आधी तांब्याभर पाणी पिण्यापेक्षा आदल्या दिवसापासून थोडे थोडे पीत राहणे हिताचे. ज्येष्ठमध आणि खडीसाखर चघळल्याने लाळ सुटते व घसा सुखावतो. मात्र ज्येष्ठमधाचे अतिसेवन रक्तदाब वाढवू शकते, हे रक्तदाबाच्या रुग्णांनी विसरू नये.

आवाज बसल्यावर कुजबुजत बोलणे हा आणखी एक गैरसमज. जोर लावून केलेली कुजबुज तंतूंना विश्रांती न देता आणखी ताण देते. बोलायचेच तर हळू, मऊ, सहज आवाजात बोलावे. अन्यथा गप्प राहावे. सतत खाकरण्याऐवजी घोटभर पाणी घ्यावे किंवा नुसते गिळावे. सर्दीवरील काही औषधे अस्तर कोरडे करतात. घसा बधिर करणाऱ्या गोळ्या चघळून गाणे तर धोक्याचेच, कारण वेदना ही धोक्याची घंटा असते आणि ती बंद केली म्हणून आग विझत नाही. तंबाखू आणि धूम्रपान यांच्याविषयी निराळे सांगायला नको. ती केवळ आवाजाची नव्हे, प्राणाची उधळपट्टी आहे.

रियाजाबद्दलही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. धावपटू जसा आधी अंग मोकळे करतो, तसा गळाही हळूहळू तापवावा. ओठ मिटून गुंजन, ओठांची फुरफुर, बारीक नळीतून फुंकर घालत स्वर लावणे अशा प्रकारांत तोंड अंशतः बंद असल्याने तंतूंवरील आघात सौम्य होतो. मंद्र साधनेची आपली परंपरा मोलाची आहे. पण खर्ज दाबून, घोगरा करून लावला तर तिचा हेतूच हरवतो. पाऊण तास सलग गाण्यापेक्षा पंधरा मिनिटांच्या तीन बैठका आणि मध्ये विश्रांती, असा क्रम गळ्याला मानवतो.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

सर्दी-खोकल्याने बसलेला आवाज बहुधा आठ-दहा दिवसांत सुधारतो. तीन-चार आठवडे उलटूनही घोगरेपणा गेला नाही, तर कान-नाक-घसातज्ज्ञांकडून स्वरयंत्र तपासून घेणे अत्यावश्यक आहे. गाताना आवाज अचानक तुटून पूर्ण बंद झाला, थुंकीत रक्त आले, गिळताना वा श्वास घेताना त्रास झाला किंवा मानेत गाठ जाणवली, तर एक दिवसही थांबू नये. दीर्घकाळ टिकणारा घोगरेपणा हे, विशेषतः तंबाखूचे सेवन करणाऱ्यांत, स्वरयंत्राच्या कर्करोगाचे पहिले लक्षण असू शकते. तेव्हाच निदान झाल्यास उपचार बहुधा यशस्वी होतात.

आता दुर्बिणीतून, क्षणदीप्तीच्या प्रकाशात, स्वरतंतूंची धावती लाट जणू संथ झालेली पाहता येते. अतिवापराने तंतूंवर येणाऱ्या लहान गाठी हे गायक-शिक्षकांत आढळणारे नेहमीचे कारण. तळहातावरील घट्ट्यांसारख्या या गाठींना बहुधा शस्त्रक्रिया लागत नाही. वाचाचिकित्सकाच्या मार्गदर्शनाने आवाजाची सवय बदलली, की त्या पुष्कळदा ओसरतात. शस्त्रक्रिया करून सवय तीच ठेवली, तर गाठी परत येतात.

शनिवारचा निर्णय

पुन्हा त्या शिक्षिकेकडे वळू. बुधवारी आवाज बसला, शनिवारी गायचे आहे. तिच्या हाती एक सोपी कसोटी आहे. तार सप्तकातील एखादा नेहमीचा स्वर अगदी हळू, गुणगुणल्यासारखा लावून पाहावा. जोर लावल्यावर तो लागतो पण हळू लावताना नुसती हवा येते वा स्वर उशिरा पकडला जातो, असे झाले तर तंतूंना सूज आहे असे समजावे. बुधवार ते शुक्रवार तिने शाळेत मुलांना पेटीवर स्वर वाजवून दाखवावेत, शिकवणी पुढे ढकलावी, दूरध्वनी टाळावेत, पाणी आणि वाफ घ्यावी, रात्री लवकर जेवावे. शनिवारी सकाळी ती कसोटी पुन्हा घ्यावी. हळू स्वर मोकळा लागला, तर पट्टी अर्ध्या स्वराने उतरवून, कमी पदे घेऊन, ध्वनिक्षेपकाच्या साहाय्याने गाता येईल. नाही लागला, तर आयोजकांना नम्रपणे नकार कळवावा. सुजलेल्या तंतूंवर जोर दिल्यास त्यांतील नाजूक रक्तवाहिनी फुटू शकते आणि एका सायंकाळच्या टाळ्यांची किंमत कित्येक महिन्यांच्या मौनाने चुकवावी लागते.

नकार देणे अवघड असते, हे खरे. आयोजक हिरमुसतील, लोक कुजबुजतील. परंतु गळा हे असे भांडवल आहे, की ते व्याजावर जगू देते, मुदलाला हात लावला तर मात्र लवकर संपते. रोजचा माफक रियाज ही त्यातील ठेव, विश्रांती हे त्यावरील व्याज आणि ताण देऊन गाणे ही उचल. हिशेब ज्याचा त्यानेच ठेवायचा असतो.

गाता गळा आणि शिंपता मळा टवटवीत राहतो, असे आपली जुनी म्हण सांगते. गळा वापरला तरच टिकतो, हा तिचा अर्थ सर्वांना ठाऊक आहे. पण मळा शिंपणारा शेतकरी आणखी एक गोष्ट जाणतो. पाणी वेळेवर द्यायचे असते, बेताने द्यायचे असते आणि जमीन भिजलेली असेल तेव्हा मोट थांबवायची असते. दिल्लीच्या धुरकट हिवाळ्यात तंबोरा जुळवणाऱ्या प्रत्येकाने शेतकऱ्याचे हे शहाणपण जवळ बाळगावे. मग फाल्गुनात आकाश निवळेल, वसंताचे स्वर लावण्याची वेळ येईल, तेव्हा गळाही त्यांच्या स्वागतास सज्ज असेल.